दलाली कशाची देता?

आमच्या आयटी जमातीच्या काही श्रद्धा आहेत, त्यांच्यावर प्रश्न विचारलेला चालत नाही. त्यातली एक म्हणजे 'एजंट हा नुसता मधला माणूस'. मालकाकडे घर आहे, मला घर हवंय, मग मध्ये हा कोण टिकोजीराव? एक डेटाबेस, त्यावर सर्च, शेजारी नकाशा, झालं काम! गेली कित्येक वर्षं हापिसाच्या कँटीनमध्ये मी हे प्रवचन ऐकतोय. आणि इतक्या वर्षांत पुण्यातला एजंट काही संपला नाही. उलट एखाद्या साइटवर आपला नंबर टाकून बघा, संध्याकाळपर्यंत दहा एजंटांचे फोन येतात.

दुसरी श्रद्धा आपल्या आईबाबांच्या पिढीची. "एजंट त्याच भागातला बघ हो, त्याला खडान्‌खडा माहिती असते." ऐकायला एकदम शहाणपणाचं वाटतं. वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यासुद्धा हेच छापतात, खाली टाय घातलेल्या माणसाचा फोटो टाकून.

माझं भांडण दोन्हीशी आहे. आयटीवाल्यांना वाटतं की गल्लीची माहिती नावाची काही चीजच नसते, असते ती सगळी साइटवर असते. आणि वडीलधाऱ्यांना वाटतं की एजंटला माहीत आहे म्हणजे ते आपल्याला कळणारच. पहिलं चूक आहे हे दाखवणं सोपं आहे. दुसरं जास्त घातक आहे, कारण ते अर्धं खरं आहे.

आधी सोपं घेऊ. साइटवरच्या जाहिरातीत कार्पेट एरिया असतो, भाडं असतं, स्वच्छ आवरलेल्या ओट्याचा फोटो असतो. नसतं काय? सुरुवात नावापासूनच करा. महंमदवाडीत किंवा उंड्रीत फ्लॅट विकायचा असला की त्याचं नाव 'एनआयबीएम ॲनेक्स' होतं. सूस आणि म्हाळुंग्याचं 'बाणेर ॲनेक्स'. पुण्यात ॲनेक्स या शब्दाचा अर्थ 'तिथे नाही' असा आहे. साइटचा सर्च ज्याने लिहिला त्याला हे माहीत नाही, कारण तो लिहिणारा आपल्यासारखाच कुठल्या तरी एसीत बसलेला असतो. त्याच्या टेबलात 'लोकॅलिटी' नावाचा एक कॉलम आहे आणि त्यात जाहिरातदार जे भरेल ते जातं.

मग पाणी. पुणे महापालिकेत २०१७ साली ११ गावं आली आणि २०२१ साली आणखी २३. गाव महापालिकेत आलं म्हणजे महापालिकेचं पाणी नळाला आलं असा अर्थ लोक काढतात. तसं होत नाही. कागदावर हद्द एका दिवसात बदलते, जलवाहिनी आणि टाकी बदलत नाही. तोपर्यंत टँकर. आता जरा आपल्या धंद्यातला हिशोब करू. माणशी दिवसाला १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचं प्रमाण धरलं, शंभर फ्लॅटची सोसायटी, घरटी चार माणसं, तर रोजचे ५४,००० लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर पाच-सहा टँकर, रोज. बोअर आटलं की हे सगळं मेंटेनन्समध्ये येतं. कर्जाचा हप्ता मोजताना हा आकडा कुणी धरलेला नसतो. आणि जाहिरातीत काय लिहिलेलं असतं? 'चोवीस तास पाणी'. खोटं नाही हो ते! टँकरचं पाणीसुद्धा चोवीस तास येतं, पैसे चोवीस तास मोजलेत तर.

पाणी येतं का एवढाच प्रश्न नाही, कुठून येतं हाही आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुइलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकदम वाढले आणि संशयाची सुई पिण्याच्या पाण्याकडे गेली. त्याआधी कुठल्याही घर घेणाऱ्याने 'आमच्या टाकीत कुठल्या विहिरीचं पाणी पडतं?' असं विचारल्याचं मला आठवत नाही. पण गावात जन्म गेलेल्या माणसाला विहीर ठाऊक होती, ती कुठे आहे, तिच्या आसपास काय काय आहे, सगळं.

पुराचंही तेच. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने कात्रजपासून अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनीपर्यंत जे केलं ते अजून लोक विसरलेले नाहीत. त्या रात्री पुणे परिसरात वीसहून जास्त माणसं गेली. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत लोकांना घरातून बोटीने काढावं लागलं. नदीची निळी रेषा आणि लाल रेषा सरकारी नकाशावर आहे, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ज्याला शोधायची त्याला ती सापडते. पण पार्किंगमध्ये पाणी कुठल्या खांबापर्यंत आलं होतं, मीटरची पेटी नंतर वर सरकवली का, तळमजल्यावरचे लोक घर विकून का गेले, हे नकाशावर नसतं. भिंतीला नवा रंग दिला की डागही जातो. राहते ती शेजाऱ्याची आठवण.

पिंपरी-चिंचवडकडे गेलात तर रेड झोन. देहूरोडच्या दारूगोळा डेपोभोवती २,००० यार्डांचा पट्टा, निगडी-तळवडे-रुपीनगरचा बराच भाग त्याच्या वादात. तिथे अर्धा-एक गुंठा स्वस्तात मिळतो आणि घेणारा खूष होतो, कारण 'स्वस्त का?' हा प्रश्न विचारला तर स्वस्ताई जाईल अशी त्याला भीती वाटते. इकडे टेकड्यांच्या उतारावर बीडीपीचं आरक्षण. म्हात्रे पूल ते राजाराम पूल डीपी रस्त्यावर मंगल कार्यालयं आणि लॉन्स, लग्नसराईत मुहूर्त असेल त्या दिवशी बँड तुमच्या बेडरूममध्ये. आणि शहरात कुठेही गेलात तर खिडकीखाली दहा दिवस मंडळाचा मांडव. (मला गणपती आवडतो. स्पीकरची भिंत आवडत नाही. असो.)

तेव्हा गल्लीची माहिती नावाची गोष्ट असते, ती लाखमोलाची असते, आणि ती ॲपमध्ये नसते. इथवर वडीलधाऱ्यांचा मुद्दा मान्य.

आता दुसरी बाजू.

माझ्या हापिसातल्या एकाने उंड्रीच्या बाजूला फ्लॅट घेतला. एजंट अगदी 'त्याच भागातला'. त्याच रस्त्यावर वर्षानुवर्षं दुकान, त्याच रस्त्यावर घर. पाण्याचं विचारलं तेव्हा म्हणाला, "कॉर्पोरेशनची लाईन येतीये साहेब, काम चालूच आहे." हा बाबा स्वतः तिथे राहतो, त्याला लाईन कुठवर आली आहे हे माहीत नव्हतं? शंभर टक्के माहीत होतं. त्याचं स्थानिक ज्ञान एकदम अव्वल होतं. फक्त ते त्या दिवशी माझ्या मित्रासाठी कामाला नव्हतं.

'येतंय' हे पुण्यातलं सर्वांत महाग क्रियापद आहे. मेट्रो येतीये, रिंग रोड येतोय, मॉल येतोय. मेट्रोचंच बघा ना. भूमिपूजन डिसेंबर २०१६ मध्ये, वनाज ते गरवारे हा पहिला तुकडा सुरू झाला ६ मार्च २०२२ ला. त्याच्या कित्येक वर्षं आधीपासून पौड रस्त्यावरचे फ्लॅट 'मेट्रो येतीये' या भावाने विकले जात होते. आली की शेवटी, कुठे नाही म्हणतोय! पण दरम्यान ज्यांनी हप्ते भरले त्यांना विचारा.

एजंट दुष्ट असतो असं मला म्हणायचं नाही. गणित दुष्ट आहे. ८० लाखांचा जुना फ्लॅट धरा. दोन टक्क्यांनी तुमच्याकडून १ लाख ६० हजार, तेवढेच विकणाऱ्याकडून. म्हणजे सौदा झाला तर त्याला ३ लाख २० हजार, नाही झाला तर शून्य. तुमच्यासाठी त्याने भांडून दोन लाख कमी करवले तर त्याचे स्वतःचे आठ हजार जातात. कुणी फुकट भांडेल? आणि 'या बिल्डिंगला मे महिन्यात पाणी नसतं' एवढं एकच वाक्य बोलला तर ३ लाख २० हजार जातात. आता सांगा, तुम्ही त्याच्या जागी असता तर किती बोलला असता?

याचा अमेरिकेत चक्क अभ्यास झालेला आहे. स्टीव्हन लेव्हिट (फ्रीकॉनॉमिक्सवाला) आणि चॅड सिव्हर्सन यांनी शिकागोच्या आसपासची जवळजवळ एक लाख घरविक्रीची प्रकरणं तपासली. त्यात काही घरं एजंटांनी स्वतःची म्हणून विकलेली होती. ती सुमारे ३.७ टक्के जास्त भावाने गेली आणि बाजारात साधारण साडेनऊ दिवस जास्त थांबली. म्हणजे स्वतःचं घर असलं की एजंट थांबतो, चांगलं गिऱ्हाईक येऊ देतो. गिऱ्हाइकाचं घर असलं की 'घ्या साहेब, भाव चांगला आलाय' म्हणून मोकळा होतो. माणूस तोच, माहिती तीच, गल्ली तीच. म्हणून 'माहितगार एजंट निवडा' या सल्ल्याचा मला राग येतो. माहितगार माणूस तुमच्या बाजूला नसेल तर त्याच्यापेक्षा अडाणी परवडला. अडाण्याकडे लपवायला तरी काही नसतं.

आता अडाण्यांबद्दलही बोलून घेऊ, कारण त्यांचंच पीक जास्त आहे. हल्ली एजंट म्हणवून घेणं कमीपणाचं झालंय, त्याला 'चॅनेल पार्टनर' म्हणतात. इस्त्रीचा शर्ट, टॅबवर ब्रोशर, तुम्हाला घरून गाडीने साइटवर नेणार आणि वर सांगणार की आमची ब्रोकरेज शून्य. शून्य कशी असेल? त्याला बिल्डर देतो, आणि बिल्डर काय घरून आणतो होय? तुमच्याच किमतीतून देतो. याला तुम्ही विचारा की समोरच्या नाल्याला पावसाळ्यात किती पाणी असतं. तो म्हणेल, "सर, लँडस्केप्ड वॉटर फ्रंट आहे." तो सकाळी खराडीत असतो, दुपारी रावेतला, संध्याकाळी आंबेगावात. कुठल्याच गल्लीत त्याला उद्या तोंड दाखवायचं नसतं.

हा 'उद्या तोंड दाखवायचं' मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

कोथरूडमध्ये एक काका आहेत. झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान, काउंटरवर 'जागा भाड्याने मिळतील' अशी हाताने लिहिलेली पाटी. २०१८ साली आम्ही भाड्याचं घर शोधत होतो. त्यांनी एक दाखवलं, तिसरा मजला, उजेड भरपूर, भाडं बजेटात. बायकोने विचारलं, "काका, घेऊन टाकू ना?"

काका किल्ल्यांचा जुडगा खिशात टाकत म्हणाले, "ताई, घर चांगलंय. पण सोसायटीची मागच्या महिन्यात मीटिंग झाली. रिडेव्हलपमेंटला दोन बिल्डर येऊन गेलेत. वर्ष-दीड वर्षात सगळ्यांना बाहेर काढतील. मुलाला इथली शाळा घेतलीत की परत शोधाशोध. मालक काही हे सांगायचा नाही. माझं नाव नका घेऊ म्हणजे झालं."

एक महिन्याचं भाडं त्यांची दलाली होती, ती त्यांनी या एका वाक्यात घालवली. दोन आठवड्यांनी त्यांनीच दोन गल्ल्या सोडून दुसरं घर दिलं आणि आम्ही दलाली एक रुपया कमी न करता दिली. त्यानंतर हापिसातली चार माणसं मी त्यांच्याकडे पाठवली.

काका धर्मात्मा आहेत असा माझा दावा नाही. त्या मालकाला त्यांनी काय सांगितलं असेल कुणास ठाऊक. पण त्यांचं दुकान तिथे आहे. मुलाच्या प्रोजेक्टचे प्रिंट काढायला मी त्यांच्याच दुकानात जातो. फसवलं असतं तर पुढची दहा वर्षं रोज माझं तोंड बघावं लागलं असतं, आणि माझ्या बायकोचंही, जे जास्त अवघड आहे :) गेम थिअरी शिकलेल्यांना हा प्रकार नवा नाही, तोच खेळ पुन्हा पुन्हा खेळायचा असला की माणूस सरळ खेळतो. उंड्रीच्या एजंटचंही दुकान तिथेच होतं ना, मग? होतं. पण तिथे सगळे नवे येणारे. विकत घेणारा आयुष्यात एकदा घेतो, परत येत नाही, आणि परत येतो तो बिल्डर. त्याला तोंड बिल्डरला दाखवायचं होतं. तेव्हा दुकान कुठे आहे एवढ्यावर जाऊ नका. त्याचं पुढचं गिऱ्हाईक कोण पाठवतं ते बघा. भाड्याची कामं जास्त करणारा एजंट मला विक्रीवाल्यापेक्षा बरा वाटतो, कारण भाडेकरू अकरा महिन्यांनी परत दारात येतो, कौतुक करायला नाहीतर शिव्या द्यायला.

सरकार काही करत नाही का? करतं. रेरा कायदा २०१६ चा, महारेरा मे २०१७ पासून. एजंटला नोंदणी हवी, आणि २०२३ साली महारेराने प्रशिक्षण आणि परीक्षासुद्धा लावली. चांगलंच झालं. पण कायद्याचे शब्द नीट वाचा. नोंदणीची सक्ती आहे ती प्रवर्तक, म्हणजे बिल्डर, जी घरं विकतो त्यांचे व्यवहार करणाऱ्या एजंटांना. तुम्ही वीस वर्षं जुना फ्लॅट कुणाकडून विकत घेताय किंवा भाड्याने घेताय, तिथे मधल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. आणि परीक्षा कशाची, तर कायद्याची. कार्पेट एरिया म्हणजे काय हे त्याला आलं पाहिजे, तुमच्या ओढ्याचं नाव आलं नाही तरी चालतं. लंडनमध्ये काळी टॅक्सी चालवायची तर चेरिंग क्रॉसभोवतीच्या सहा मैलांतले सुमारे २५,००० रस्ते पाठ लागतात. पन्नास-पाऊणशे रुपयांच्या भाड्याला जेवढी माहिती लागते, तेवढी वीस वर्षांच्या कर्जाला आपल्याकडे लागत नाही! (हो, लंडनची टॅक्सी पन्नास रुपयांत मिळत नाही, कळलं. मुद्दा बघा.)

एक प्रकारचं स्थानिक ज्ञान मात्र आपल्याकडे एजंट न विचारता देतो. "नॉनव्हेज खाता का?" "आडनाव काय म्हणालात?" "त्या बिल्डिंगमध्ये तुमच्या लोकांना देत नाहीत हो, मी उगाच कशाला दाखवू?" पाण्याबद्दल मिठाची गुळणी धरणारा माणूस इथे कसा भडाभडा बोलतो. कुठली सोसायटी कुणाला चालत नाही याची यादी त्याला तोंडपाठ असते. अमेरिकेत १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यामुळे एजंटला असली वाटणी करता येत नाही, वंश-धर्म बघून गिऱ्हाइकाला एका वस्तीकडे वळवणं तिथे बेकायदेशीर आहे. होतं का तिथेही? होत असेल, पण लपूनछपून. आपल्याकडे काउंटरवर होतं आणि त्याला 'एरिया माहीत आहे' म्हणतात. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका मुस्लिम मित्राला फोनवर सहा घरं 'अजून रिकामी' होती, नाव सांगितल्यावर सहाही 'कालच गेली'. कुणी म्हणेल एजंट काय करणार, मालकाची अट असते. मालकाची अट त्याने फोनवर पाठ म्हणून दाखवायची आणि वर दलाली घ्यायची, तर मग तो नुसता मधला माणूस कसा? दारावरचा माणूस झाला तो.

आता आपल्यावर येतो. कारण हा लेख एजंटांना शिव्या द्यायला लिहिलेला नाही, त्यांना शिव्या द्यायला लोक भरपूर आहेत.

आपण काय करतो? एजंटकडून दहा घरं बघतो. शनिवार गेला, रविवार गेला, त्याचं पेट्रोल गेलं. घर आवडलं की वॉचमनला शंभर रुपये देऊन मालकाचा नंबर काढतो आणि एजंटला 'सध्या विचार नाही' म्हणून कळवतो. दलाली वाचली! हापिसात हे पराक्रम म्हणून सांगितलं जातं. कोड चोरणाऱ्याला आपण चोर म्हणतो, माहिती चोरणाऱ्याला स्मार्ट म्हणतो. आणि मग तोच माणूस तावातावाने सांगतो की एजंट खरं बोलत नाहीत. अरे, त्याने खरं का बोलावं? खऱ्या बोलण्याचे तू काय दिलेस? आपण पैसे देतो ते सौदा होण्याचे. मग तो सौदा होईल तेवढंच बोलणार. आपण जिथे जिथे नोकऱ्या केल्या तिथे ज्याचं टार्गेट लावलं तेच आकडे वाढलेले पाहिले की नाही? बग मोजले की बग वाढतात, ओळी मोजल्या की ओळी वाढतात. मग इथेच आश्चर्य कसलं?

माझं म्हणणं सरळ आहे. नकाराचेही पैसे द्या.

म्हणजे काय, तर एजंटला पहिल्या भेटीत सांगा की फ्लॅट दाखवायचे तुमचे पैसे मी देणार, घेतला तरी देणार, नाही घेतला तरी देणार. दर भेटीचे ठरवून घ्या. हजार, दोन हजार, जे काय पटेल ते. सौदा झाला तर ते दलालीतून वळते. आणि बदल्यात मला प्रत्येक घराची वाईट बाजू सांगायची. बरेच एजंट आधी गोंधळतात, त्यांना हे कुणी कधी म्हटलेलं नसतं. एकाने तर मला विचारलं, "साहेब, तुम्ही रेराचे आहात का?" पण एकदा कळलं की माणूस सुटतो. मी माझ्या बहिणीसाठी घर बघताना हे केलं. तिसऱ्या घरापासून एजंटने स्वतःहून सांगायला सुरुवात केली. इथे खालच्या मजल्यावर क्लास चालतो, सुटला की तीस सायकली. इथली कन्व्हेयन्स झालेली नाही, बिल्डर आणि सोसायटीचं भांडण आहे. हा मालक डिपॉझिट परत देताना रडवतो. तीन शनिवारांचे मिळून जेवढे पैसे गेले तेवढ्यात आम्ही दोनदा बाहेर जेवलो असतो.

पैसे द्यायच्या आधी मात्र परीक्षा घ्या. ज्याचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे असा प्रश्न विचारा. मी आधी त्या इमारतीच्या वॉचमनशी, नाहीतर कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याशी बोलून येतो. इस्त्रीवाल्याला कोण आलं, कोण गेलं, कुठली लिफ्ट महिनाभर बंद होती, सगळं ठाऊक असतं, आणि त्याला तुम्हाला काही विकायचं नसतं. मग एजंटला विचारतो, मागच्या मे महिन्यात इथे टँकर किती यायचे? आधीचा भाडेकरू का गेला? २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं? उत्तर जुळलं तर पुढे. 'काहीच प्रॉब्लेम नाही साहेब' आलं तर चहा पिऊन घरी. 'मला माहीत नाही, विचारून सांगतो' म्हणाला आणि खरंच विचारून सांगितलं, तर त्याचा नंबर जपून ठेवा. असा एजंट मला आजवर दोनदाच भेटलाय.

यावर मला दोन आक्षेप ऐकवले जातात. एक, भेटीचे पैसे घेऊन तो नुसतीच घरं दाखवत बसेल. बसू दे की. चौथ्या भेटीला तुम्ही त्याला बदलाल, सौद्याच्या दलालीपेक्षा भेटीचे पैसे फार कमी आहेत, त्यात त्याचं पोट भरत नाही. दुसरा, जास्त वजनदार: तो दुसऱ्या बाजूकडूनही दोन टक्के घेणारच, मग तुमच्या हजार रुपयांनी काय होतंय? बरोबर आहे. म्हणून दोन्हीकडून घेणाऱ्या एजंटला मी सरळ विचारतो की विकणाऱ्याकडून किती घेताय. सांगितलं तर बोलणी पुढे. अमेरिकेत ऑगस्ट २०२४ पासून घर दाखवायला नेण्याआधीच घेणाऱ्याने एजंटशी लेखी करार करायचा आणि त्यात एजंटचे पैसे किती हे लिहायचं अशी पद्धत लागू झाली, कोर्टातल्या तडजोडीतून. तिकडेही ते आपणहून शहाणे झाले नाहीत. आपल्याकडे कोर्टाची वाट बघायची गरज नाही, साध्या कागदावर चार ओळी लिहून दोघांनी सही केली तरी पुष्कळ.

माझा न्यू जर्सीतला मावसभाऊ आईबाबांसाठी बावधन-सूसकडे फ्लॅट बघतोय. त्याला मी मागच्या आठवड्यात तीन प्रश्न लिहून दिले: पाणी महापालिकेचं की टँकरचं, मागच्या मे महिन्यात मेंटेनन्स किती आला, आणि तुम्ही स्वतः या बिल्डिंगमध्ये आईला ठेवाल का. त्याने चार एजंटांना फोन केले. दोघांनी ब्रोशर पाठवलं. एकाने 'सर, मीटिंगमध्ये आहे' म्हणून ठेवून दिला. चौथी एक बाई आहे, सूसमध्येच राहणारी. ती म्हणाली, "दादा, आईंना चौथा मजला देऊ नका, तिथली लिफ्ट जनरेटरवर नाही. लाईट गेली की अडकतील." या शनिवारी मी तिला भेटायला जातोय, पाकिटात भेटीचे पैसे घालून.